घराचं काम काढलंय? आधी सांधे वाटून घ्या

बाथरूम नवीन होऊन २३ दिवस झाले होते. खालच्या काकूंचा फोन आला, "जरा येऊन बघतेस का? आमच्या छताला ओल दिसतेय." गेले. छतावर पोळीएवढा ओला डाग आणि मधोमध एक थेंब, पडू की नको अशा बेतात लोंबकळत होता. आमच्या बाथरूमची नहाणी नेमकी त्याच्या वर.

तिघांनाही बोलावलं. वॉटरप्रूफिंगवाल्याने मोबाइलमधले फोटो दाखवले. त्याने दोन थर दिले होते, पाणी भरून दोन दिवस ठेवलं होतं, आणि तेव्हा खाली काही गळलं नव्हतं हे काकूंनाही आठवत होतं. प्लंबरने नहाणी ट्रॅपचे, म्हणजे जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्याचे, जोड दाखवले, सगळे घट्ट. फरशीवाल्याने बादलीभर पाणी ओतून उतार दाखवला, पाणी सरळ जाळीकडे गेलं. तिघंही खरं बोलत होते. फरशा उखडल्यावर कळलं ते असं: फरशी बसवताना ट्रॅप अर्धा इंच वर राहत होता. फरशीवाल्याच्या हाताखालच्या पोराने छिन्नी घेऊन भोवतीचा कोबा उडवला, ट्रॅप खाली दाबला, सिमेंट भरलं आणि वर फरशी लावून टाकली. छिन्नीबरोबर वॉटरप्रूफिंगचा थरही गेला. पोराची चूक म्हणावी, तर ट्रॅपची उंची जमली नाही तर कोणाला बोलवायचं हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. आम्हीही नाही.

चार फरशा उखडून परत बसवल्या, काकूंच्या छताला रंग आमच्या खर्चाने.

आम्ही कामं वाटली होती, अगदी वहीत लिहून. सांधे वाटले नव्हते.

सांधा म्हणजे काय

साध्या दोन बेडरूमच्या फ्लॅटचं काम काढलं तरी गवंडी, बिगारी, प्लंबर, वायरमन, फरशीवाला, सुतार, ग्रीलवाला, रंगारी असे सात-आठ हात येऊन जातात. घरची माणसं धरली तर डझनभर. प्रत्येकाचं काम कुठेतरी संपतं आणि दुसऱ्याचं तिथून सुरू होतं. तो सांधा. कामाला नाव असतं, दर असतो, करणारा असतो. सांध्याला यातलं काहीच नसतं, म्हणून कोटेशनमध्ये तो कधी दिसत नाही.

वॉशिंग मशीनचंच बघा. नळ प्लंबरचा, प्लग वायरमनचा. मशीनची सांडपाण्याची नळी ज्या भोकात सोडायची ते भोक कोणाचं, हे मशीन दारात येईपर्यंत कोणाला सुचत नाही. जुन्या फरशीवर नवी फरशी बसवली की जमीन साधारण अर्धा इंच वर येते आणि घरातली सगळी दारं घासायला लागतात. दारं खालून कापायची कोणी? फरशीवाला म्हणतो, लाकडाला आम्ही हात लावत नाही. सुतार म्हणतो, जमीन मी वर केलेली नाही. दोघांचंही बरोबर. अ‍ॅल्युमिनियमच्या खिडकीचं माप ग्रॅनाइटची चौकट बसल्यावर घ्यायचं असतं. आधी घेतलं तर खिडकी वेळेवर येते, फक्त बसत नाही. एसीची तांब्याची नळी बाहेर काढायचं भोक रंगाच्या आधी पाडायला हवं, आणि एसीवाला हमखास रंगानंतर येतो.

वाटलेल्या कामात चूक झाली तर कोणाला धरायचं ते माहीत असतं. सांध्यात चूक झाली की तीन माणसं एकमेकांकडे बोट दाखवतात आणि चौथा, म्हणजे आपण, पैसे देतो.

वरचा टक्का कशाचा

लोक विचारतात, वेगवेगळे कारागीर आपणच आणले तर स्वस्त पडतं, मग मुख्य ठेकेदार किंवा इंटिरियरवाला कशाला? तो वर जो टक्का घेतो तो याच सांध्यांचा असतो. ट्रॅपची उंची चुकली तर प्लंबरला तो बोलावणार, दारं तो कापून घेणार, भोकं त्याच्या डोक्यात. निदान असायला हवीत. पैसे वाचवायचे म्हणून त्याला नको म्हटलंत, की त्याची खुर्ची रिकामी राहते. त्या खुर्चीत घरातलं कोणीतरी एक बसलं पाहिजे. हे माणूस कोण, हे तोडफोड सुरू व्हायच्या आधी ठरवायचं. आमच्याकडे ते ठरलं नाही. मला वाटत होतं नवरा बघतोय, आणि त्याला वाटत होतं मी.

काम कसं दिलंय त्यावरही चिंता कोणाच्या वाट्याला जाते ते ठरतं. रोजाने माणूस लावला तर वेग ही तुमची डोकेदुखी, कारण काम लांबलं तर त्याचं नुकसान काहीच नाही. उक्तं, म्हणजे पूर्ण कामाची एक रक्कम ठरवून, दिलं तर तो झपाट्याने उरकणार, आणि दर्जा बघणं तुमच्याकडे आलं. लेबर रेटने, म्हणजे फक्त मजुरी ठरवून, दिलं तर माल कमी पडणं, फुटणं, चोरीला जाणं सगळं तुमचं. मटेरियलसकट दिलं तर ठरलेल्या कंपनीचाच माल आला का, हे तपासणं तुमचं. यात कुठलीच पद्धत निर्धोक नाही. कुठली चिंता आपल्याला झेपेल तेवढं बघायचं. मी फरशीचा माल स्वतः आणून मजुरी वेगळी दिली, आणि हिशोब करताना कापण्या-फुटण्यासाठीची दहा टक्के जास्तीची फरशी विसरले. नंतर त्याच डिझाइनची तीन खोकी आणली. बॅच वेगळी निघाली. आता हॉलच्या कोपऱ्यात सोफ्याखाली किंचित पिवळट फरशी आहे. सोफा म्हणूनच तिथे आहे.

चार रकाने

हिंजवडीत नोकरी करणाऱ्या भाच्याला मी हे सगळं वैतागून सांगत होते. तो म्हणाला, "मामी, आमच्याकडे याला रेसी चार्ट म्हणतात." इंग्रजीतल्या चार अक्षरांवरून पडलेलं नाव. त्याने रात्रीतून चाळीस ओळींची एक्सेल शीट पाठवली, जी कोणीही उघडली नाही. पण त्यामागची कल्पना सोपी आहे आणि घराला चपखल बसते.

प्रत्येक कामासाठी चार प्रश्न विचारायचे. हाताने करणार कोण? बिघडलं तर उत्तर कोण देणार? करण्याआधी विचारायचं कोणाला? आणि झाल्यावर नुसतं कळवायचं कोणाला? पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या रकान्यात कितीही नावं चालतात. दुसऱ्यात एकच. तिथे दोन नावं आली की बारभाईंचा कारभार सुरू होतो. खरं तर या म्हणीत बारभाईंवर जरा अन्यायच झालाय. १७७४ मध्ये राघोबादादांच्या विरोधात एकत्र आलेल्या त्या मंडळींनी राज्य सावरलं होतं. पण पुढे सूत्रं गेली ती एकट्या नाना फडणवीसांच्याच हातात, हेही आहेच.

घरात जास्त भांडणं तिसऱ्या आणि चौथ्या रकान्याची होतात. ज्याला विचारायला हवं त्याला आपण नुसतं कळवतो, आणि ज्याला कळवलं तरी पुरलं असतं त्याला विचारत बसतो. माझा दीर बंगळुरूला असतो. त्याला आम्ही व्हिडिओ कॉलवर बाल्कनीच्या फरशीचे अकरा नमुने दाखवले. तो वर्षातून आठ दिवस येतो आणि बाल्कनीत जात नाही. त्याच आठवड्यात स्वयंपाकघराचा ओटा घातला गेला, आणि त्याबद्दल सासूबाईंना कोणी विचारलं नाही.

झालं असं, की त्या दुपारी साइटवर फक्त सासरे होते. आम्ही दोन गल्ल्या पलीकडे भाड्याने राहत होतो आणि अण्णा रोज खुर्ची टाकून तिथे बसायचे. मिस्त्रींनी विचारलं, "बाबा, ओट्याची उंची किती धरू?" अण्णा म्हणाले, "नेहमीची असते तेवढी धरा." नेहमीची म्हणजे ३४ इंच. सासूबाईंची उंची चार फूट दहा इंच. ओटा साधारण आपल्या कोपराच्या चार-पाच इंच खाली असावा, म्हणजे लाटताना खांदे वर उचलावे लागत नाहीत. त्यांना ३१ सुद्धा चाललं असतं. आता पोळ्या करताना त्या पायाखाली पाट घेतात. ग्रॅनाइट परत काढायचं तर खालचा कडप्पा, ड्रॉवर, सिंकचा जोड, सगळंच आलं, म्हणून त्याच म्हणाल्या, "असू दे गं." तो पाट मला रोज दिसतो.

ओटा घालणारे मिस्त्री, जबाबदार मी, विचारायचं सासूबाईंना, कळवायचं अण्णांना. ही एक ओळ आधी लिहिलेली असती तर बास होतं.

"जरा लक्ष ठेवा"

घरातल्या ज्येष्ठांना आपण हमखास हे काम देतो. यात काम काहीच नाही. काय बघायचं, केव्हा बघायचं, चुकीचं दिसलं तर काय करायचं, यातलं एकही त्यात नाही. मग ते बिचारे दिवसभर धुळीत बसतात, प्रत्येक गोष्टीला सूचना करतात, आणि कारागीर तीन माणसांचं तीन प्रकारे ऐकून शेवटी स्वतःला सोयीचं ते करतात.

ओट्यानंतर मी अण्णांकडे बसून नीट बोलले. ते बँकेतून निवृत्त झालेत, मोजणं त्यांच्या रक्तात आहे. त्यांना तीन कामं दिली. आलेल्या सिमेंटच्या गोण्या आणि फरशीची खोकी मोजून वहीत टाकायची, खोक्यावरचा बॅच नंबर जुळतोय का बघायचा. पाइप आणि वायरीसाठी पाडलेल्या झिऱ्या बुजवायच्या आधी प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो काढायचा. आणि मिस्त्रींनी काही ठरवायला विचारलं तर एकच वाक्य, "सुनेला फोन लावतो." सुरुवातीला त्यांना हे शेवटचं आवडलं नाही. पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी खोक्यांमध्ये वेगळ्या बॅचचं एक खोकं पकडलं आणि टेम्पोवाल्याला परत न्यायला लावलं. तेव्हापासून वही कोणाच्या हातात देत नव्हते.

त्या फोटोंची किंमत नंतर कळते. सहा महिन्यांनी आरसा लावायला ड्रिल घेतलं, की आतली पाण्याची लाइन कुठून गेलीय हे भिंत सांगत नाही. अण्णांच्या फोटोत टेप दिसते: कोपऱ्यापासून २२ इंच, जमिनीपासून ४१.

मुलीला पाणी मारायचं काम दिलं. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण हे सगळ्यात जास्त बेवारस पडणारं काम आहे. गवंडी सहाला जातो, त्याच्या दृष्टीने त्याचं संपलेलं असतं. सिमेंट वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी प्रक्रिया होऊन घट्ट होतं, आणि त्याला त्या दिवसांत पाणी मिळालं नाही तर भेगा पडतात. काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस ४५६ मध्ये, साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि मिश्र सिमेंटला किमान १० दिवस ओलावा टिकवायला सांगितलंय. आपल्याकडे दुकानात मिळणारी पीपीसीची, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटची, गोणी मिश्र सिमेंटचीच. आमच्या लॉफ्टच्या स्लॅबला गवंडी म्हणाला होता, "दोन दिवस मारा, खूप झालं." मुलगी क्लासला जाता-येता दहा दिवस मारत होती. गुरुवारी महापालिकेने पाणी बंद ठेवलं की त्यासाठी बुधवारी रात्री पिंप भरून ठेवायचं, हेही तिच्याच ओळीत.

झाकण्याआधी बोलवा

ओल निघाल्यानंतर दुसऱ्या बाथरूमला आम्ही एक नियम केला. जे काही झाकलं जाणार आहे, ते झाकण्याआधी आधीच्या माणसाने आणि पुढच्या माणसाने एकत्र उभं राहून बघायचं. पाइप गिलाव्याखाली जाणार, वॉटरप्रूफिंग फरशीखाली जाणार, वायरी फॉल्स सीलिंगच्या वर जाणार. पाइपमध्ये दाबाने पाणी भरून प्लंबरने दाखवायचं, मगच गवंड्याने झिरी बुजवायची.

आणि पैसे त्यालाच बांधायचे. आधीच्याचा हप्ता केव्हा सोडायचा? पुढच्याने "जागा ठीक आहे, मी सुरू करतो" म्हटल्यावर. फरशीवाल्याने भिंतीला ओळंबा लावायचा, कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का बघायचा, आणि नसेल तर सुरू करण्याआधी बोलायचं. एकदा पहिली फरशी लावली की भिंत त्याने पसंत केली. मग अर्ध्यावर "तुमची भिंतच वाकडी आहे हो" हे ऐकून घ्यायचं नाही. फरशीवाले मिस्त्री आधी कुरकुरले, मग म्हणाले, "ताई, ये तो हमारे लिए भी अच्छा है." गवंड्याची वाकडी भिंत ते आजवर फुकट सरळ करत आले होते.

उचल सगळेच मागतात, आणि थोडी द्यावीच लागते. फक्त ती झालेल्या कामाच्या पुढे पळता कामा नये. शेवटचे काही पैसे, मी दहावा हिस्सा ठेवला, महिनाभर राखून ठेवायचे आणि हे पहिल्याच दिवशी सांगायचं. शेवटी सांगितलं तर तो दगा वाटतो, आणि त्यांचंही चुकत नाही.

हे सगळं मी लिहिलं ते हॉलच्या भिंतीवर, निळ्या पेन्सिलीने. पुट्टी यायचीच होती तिच्यावर. डावीकडे सांधा, उजवीकडे एक नाव आणि फोन नंबर. देवनागरीत असल्यामुळे आमचे गवंडी आणि राजस्थानचे फरशीवाले दोघांनाही वाचता आलं. एक्सेल कोणी उघडली नव्हती, भिंत मात्र सुतारानेही वाचली आणि स्वतःहून एक ओळ वाढवली: "दरवाजा कटाई – सुतार, फरशी के बाद, रंग के पहले."

काही ओळींत नाव घालायचा पर्याय आपल्याकडे नसतो. वायरिंगमध्ये भर घालायची किंवा बदल करायचा तर परवाना असलेला ठेकेदारच लागतो. दिवा, पंखा, बटण बदलणं तेवढं आपलं. बीम, कॉलम किंवा मधली भिंत याला हात लावायचा तर स्ट्रक्चरल इंजिनिअर, आणि सोसायटी व महापालिकेची परवानगी. पुण्याच्या पेठांमधल्या जुन्या, भिंतींवर उभ्या असलेल्या इमारतीत तर भिंत हाच खांब असतो, तिथे "ही नुसती पार्टिशन आहे" असं गवंड्याच्या तोंडचं ऐकून हातोडा चालवू नये. राडारोडा कुठे जाणार आणि कोणाच्या पैशाने, हे कोटेशनमध्ये लिहून घ्या. २०१६ पासून बांधकामाच्या कचऱ्याला वेगळे नियम आहेत, तो नदीपात्रात किंवा कोपऱ्यावर टाकता येत नाही. न लिहिलेला राडारोडा नेहमी मालकाचा असतो. लिफ्टमधून गोण्या न्यायच्या का, दुपारी दोन ते चार ड्रिल बंद ठेवायचं का, हे सोसायटीला विचारणं आणि शेजारच्यांना आधी सांगणं, ही एक ओळ नवऱ्याला दिली. तो गोड बोलतो.

कॅलेंडरही कोणाच्या तरी नावावर हवं. गणपतीच्या दहा दिवसांत पेठांमधून माल आणायचा विचारही करू नका. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधलं प्लाय आणि तपकीर गल्लीतले दिवे त्याच्या आधी घरात हवेत. पितृपक्षात घरातली मोठी माणसं नवीन काही सुरू करू देत नाहीत. बिहार-उत्तर प्रदेशचे कारागीर असतील तर दिवाळी-छटला ते गावी जाणार, आणि परत कधी येतील ते आल्यावरच कळतं. ऐन पावसाळ्यात पुट्टी वाळत नाही. एवढं वजा केल्यावर वर्षात कामाचे महिने किती उरतात ते स्वतःच मोजून बघा.

पुट्टीच्या दिवशी रंगारी भिंतीसमोर थांबला. "ताई, हे सगळं घासू ना?" अण्णांनी आधी फोटो काढला, टेप लावून. मी एकेक ओळ वाचत गेले. नहाणी, दारं, खिडकीचं माप, गीझर, एसीची नळी, वॉशिंग मशीनचं भोक, सगळ्यांपुढे नाव आणि बरोबरची खूण. रंगाऱ्याने पत्रा फिरवायला सुरुवात केली.

स्वयंपाकघरातल्या चिमणीचा पाइप बाहेर काढायचं भोक त्या यादीत नव्हतं. कंपनीचा माणूस चिमणी लावायला आला आणि म्हणाला, भोक आमच्याकडे येत नाही, मॅडम. पाइप सध्या अर्धवट उघड्या खिडकीतून बाहेर गेलाय आणि भोवती पुठ्ठा आहे. गवंड्याला फोन केलाय, तो म्हणतो, फरशीवाल्याकडे भोक पाडायचं मशीन आहे, त्याला सांगा.